तिथीची घटका

जालना जिल्ह्यातल्या अंबड तालुक्यात, गोदावरीच्या उत्तरेला, साखर कारखान्याभोवती वसलेली वस्ती म्हणजे अंकुशनगर. कर्मयोगी अंकुशराव टोपे समर्थ सहकारी साखर कारखाना हे कारखान्याचे पूर्ण नाव. या भागात वर्ष दोन हिशेबांनी चालते. गाळप हंगाम कोणत्या दिवशी सुरू करायचा हे मुंबईत मंत्री समिती ठरवते आणि ते तारखेने ठरते. वजनकाट्याची पावती, ऊसबिल, पगार हे सगळे तारखेचेच. पण राज्यातले कितीतरी कारखाने बॉयलरचे अग्निप्रदीपन करायला दसरा गाठतात, गव्हाणीत पहिली मोळी टाकण्याआधी मुहूर्त पाहतात. कोयते घेऊन ऊसतोडीच्या टोळ्या घर सोडतात त्याही दसरा-दिवाळीच्या बेताने. सालगड्याचे साल तर पाडव्यालाच भरते आणि पाडव्यालाच नवे ठरते. ‘एक एप्रिलपासून कामाला ये’ असे मराठवाड्यातला शेतकरी म्हणत नाही.

हा दुसरा हिशेब तिथीचा. तो इतका अंगवळणी पडला आहे की तिथी म्हणजे नेमके काय, हे विचारण्याची वेळच येत नाही. वेळ येते ती गोंधळ झाला की. यंदा एकादशी दोन दिवस का दाखवली आहे? चतुर्थी कालच लागली होती, मग संकष्टी आज कशी? दिवाळी उत्तरेत एका दिवशी आणि आपल्याकडे दुसऱ्या दिवशी, असे कसे? या सगळ्या प्रश्नांना एकच उत्तर आहे आणि या प्रकरणाचा विषय तेवढाच आहे: तिथी हा दिवस नाही. तिथी हा आकाशातला एक कालखंड आहे, आणि प्रत्येक व्रताला त्या कालखंडातली आपली ठरलेली घटका लागते.

घड्याळातले दोन काटे डोळ्यांसमोर आणा. तास काटा सावकाश सरकतो, मिनिट काटा त्याला मागे टाकून पुढे जातो, फेरी मारून पुन्हा त्याला गाठतो. सूर्य आणि चंद्र आपल्याला आकाशात असेच सरकताना दिसतात. दोघे एका रेषेत आले की अमावास्या संपते. तिथून चंद्र सूर्याच्या 12 अंश पुढे गेला की प्रतिपदा संपली, 24 अंश गेला की द्वितीया संपली. 180 अंशांवर पौर्णिमा संपते आणि 360 अंश पूर्ण झाले की पुन्हा अमावास्येचा शेवट. अशा 30 तिथी. एका अमावास्येपासून दुसरीपर्यंत सरासरी साडेएकोणतीस दिवस लागतात, म्हणजे एका तिथीच्या वाट्याला सरासरी 23 तास 37 मिनिटे येतात. 

घड्याळाच्या काट्यांची चाल मात्र ठरीव असते, चंद्राची नसते. पृथ्वीच्या जवळ असतो तेव्हा तो झपाट्याने पुढे सरकतो, लांब गेला की रेंगाळतो. त्यामुळे एखादी तिथी 20 तासांतच आटोपते, तर एखादी जवळजवळ 27 तास चालते. ती पहाटे तीनला सुरू होऊ शकते, दुपारी चारला किंवा रात्री अकराला. सूर्योदयाशी तिचे काहीच नाते नाही. नाते माणसाने जोडले: सूर्योदयाला जी तिथी चालू असेल ती त्या दिवसाची तिथी. कॅलेंडरच्या चौकोनात छापलेली असते ती हीच. 

आता 24 तासांच्या दिवसावर 20 ते 27 तासांच्या तिथी बसवायच्या म्हटल्यावर कुठे तरी कमीजास्त होणारच. एकच तिथी दोन सूर्योदय पाहते तेव्हा ती वृद्धी तिथी. एकही सूर्योदय पाहत नाही तेव्हा क्षय तिथी. 2026 चा गुढीपाडवा याचे सुरेख उदाहरण आहे. 19 मार्चला सूर्योदय झाला तेव्हा फाल्गुनातली अमावास्या अजून चालूच होती. ती सकाळी 6 वाजून 53 मिनिटांच्या सुमारास संपली आणि चैत्र शुद्ध प्रतिपदा लागली; पण सुमारे 22 तासांनी, 20 तारखेच्या पहाटे पाचच्या आधीच, तीही संपली. वर्षाच्या पहिल्या तिथीला सूर्योदयच मिळाला नाही. तरी पाडवा रद्द होत नाही. तिथी ज्या दिवसाच्या पोटात आली तो दिवस तिचा, म्हणून गुढी 19 मार्चला. सालगड्याचे सालही त्याच दिवशी.

हे झाले गणित. धर्माचा भाग इथून पुढे सुरू होतो, आणि तो बघायला अंकुशनगरहून फार लांब जावे लागत नाही.

शेजारच्या घनसावंगी तालुक्यात जांब समर्थ हे गाव आहे. समर्थ रामदासांचे हे जन्मगाव. शके 1530, म्हणजे इसवी सन 1608, चैत्र शुद्ध नवमी, आणि वेळ भर दुपारची, असे परंपरा सांगते. तिथी रामाच्या जन्माची आणि घटकाही रामाच्या जन्माची. जांबला रामनवमीचा उत्सव म्हणूनच दुहेरी होतो. दुपारी बाराला पाळणा हलतो तेव्हा नवमी चालू असायला हवी, ही साधी अट रामनवमीचा दिवस ठरवते. धर्मशास्त्र दिवसाच्या उजेडाचे पाच समान भाग करते: प्रातःकाळ, संगव, मध्यान्ह, अपराह्ण आणि सायाह्न. चैत्रात प्रत्येक भाग साधारण अडीच तासांचा. नवमी यातल्या तिसऱ्या भागात, मध्यान्हात, हजर असेल तो दिवस रामनवमीचा. सकाळी सूर्योदयाला अष्टमी असली तरी चालेल. दोन्ही दिवशी मध्यान्हात नवमी सापडली तर दुसरा दिवस घ्यायचा, कारण पहिल्या दिवसाच्या नवमीला अष्टमीचा वेध असतो.

ही ‘कर्मकाळा’ची, म्हणजे त्या त्या कर्माच्या ठरल्या वेळेची, कल्पना एकदा ध्यानात आली की सगळे पंचांग उलगडत जाते. गणेश चतुर्थीला चतुर्थी मध्यान्हात हवी. दसऱ्याला दशमी अपराह्णात हवी, कारण सीमोल्लंघन आणि शमीपूजन त्या वेळचे. लक्ष्मीपूजनाला अमावास्या प्रदोषात, म्हणजे सूर्यास्तानंतरच्या दोन-अडीच तासांत हवी. गोकुळाष्टमीला अष्टमी आणि महाशिवरात्रीला चतुर्दशी मध्यरात्री हवी. कोजागरीला पौर्णिमा रात्री हवी. दूध आटवून चंद्राखाली ठेवायचे तर दुपारी संपलेल्या पौर्णिमेचा काय उपयोग? आणि संकष्टीला वद्य चतुर्थी चंद्रोदयाला हवी. 

भोकरदन तालुक्यातल्या राजूरला मंगळवारी आलेल्या संकष्टीला, अंगारकीला, गणपतीच्या दर्शनाची रांग पहाटेपासून लागते. त्या दिवशी कॅलेंडरच्या चौकोनात बऱ्याचदा तृतीया छापलेली असते. भाविकाला त्याने फरक पडत नाही. वद्य चतुर्थीचा चंद्र रात्री आठ-नऊच्या पुढे उगवतो. तो उगवेल तेव्हा चतुर्थी असेल, अर्घ्य दिले जाईल, मोदक ताटात पडेल. उपास सुटण्याची वेळ कोणी माणूस ठरवत नाही, चंद्र ठरवतो. आणि तो सगळीकडे एकाच मिनिटाला उगवत नाही. जालना मुंबईच्या पूर्वेला साधारण तीन रेखांश आहे. एका रेखांशाला चार मिनिटे, म्हणजे आपल्याकडे सूर्य काय, चंद्र काय, मुंबईपेक्षा सुमारे बारा मिनिटे आधी उगवतो. मुंबईची वेळ पाहून अंकुशनगरातला माणूस ताटाशी बसला तर तो उगाच बारा मिनिटे उपाशी राहील. 

तिथी सुरू किंवा समाप्त होण्याचा क्षण मात्र सगळ्या जगाला एकच. चंद्र-सूर्यांतला कोन जालन्यासाठी वेगळा आणि न्यू जर्सीसाठी वेगळा नसतो. वेगळी असतात ती तिथली घड्याळे आणि तिथले उदयास्त. बारा मिनिटांचा फरक किरकोळ वाटतो, पण तिथी नेमकी त्या बारा मिनिटांत संपली तर दोन गावांची उदय तिथी वेगळी होते.

2024 ची दिवाळी आठवा. त्या वर्षी अमावास्या 31 ऑक्टोबरला दुपारी चारच्या जरा आधी सुरू झाली आणि 1 नोव्हेंबरला संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास संपली. म्हणजे 31 तारखेचा प्रदोष पूर्ण अमावास्येचा. 1 तारखेच्या प्रदोषात मात्र ती जेमतेम डोकावली. मुंबईत सूर्यास्तानंतर दहा-बारा मिनिटे, जालन्याकडे वीस-पंचवीस मिनिटे. उत्तरेत अनेकांनी 31 तारीख धरली. महाराष्ट्रातल्या पंचांगांनी 1 नोव्हेंबर दिला, कारण आपल्याकडचा निर्णयग्रंथ सांगतो की दोन्ही दिवशी प्रदोषात अमावास्या मिळत असेल तर पुढचा दिवस घ्यावा. समाजमाध्यमांवर त्या आठवड्यात ‘एकाच देशात दोन दिवाळ्या’ म्हणून बराच गदारोळ झाला. वास्तविक दोन्हीकडचे गणित एकच होते, नियमाची निवड वेगळी होती. न्यू जर्सीतल्या मराठी घरांना तर हा वादच नव्हता. त्यांच्या घड्याळानुसार अमावास्या 31 तारखेच्या सकाळी साडेसहाच्या आत सुरू होऊन 1 तारखेला सकाळी पावणेनऊला संपत होती. त्यांच्या हाती संध्याकाळ एकच होती, 31 ची. आईने जालन्याहून फोन करून ‘आमच्याकडे उद्या आहे’ म्हटले आणि मुलीने तिकडे आज पूजा मांडली, तर दोघीही बरोबर.

हे नियम आकाशातून पडलेले नाहीत. माणसांनी ते जमवले, तपासले, लिहून ठेवले, आणि त्यातला मोठा वाटा याच मुलखाचा आहे. मराठी माणसाला हे फारसे सांगितले जात नाही, म्हणून थोडे थांबून सांगतो.

देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री, म्हणजे आपला हेमाडपंत. त्याचे नाव आपण दगडी देवळांशी जोडतो, पण त्याचे खरे प्रचंड काम ‘चतुर्वर्गचिंतामणी’ हा ग्रंथ. तेराव्या शतकातल्या या ग्रंथाच्या व्रतखंडात त्याने पुराणांत विखुरलेली व्रते गोळा केली आणि ती तिथींच्या क्रमाने लावली: आधी प्रतिपदेची सगळी, मग द्वितीयेची, मग तृतीयेची. कोणते कर्म केव्हा करावे या काळनिर्णयाची चर्चाही त्याने सविस्तर केली. दुसरा ग्रंथ ‘निर्णयसिंधु’, 1612 सालचा. कर्ता कमलाकर भट्ट काशीचा, पण त्याचे घराणे मूळ पैठणचे. त्याच्या आजोबांचे, नारायण भट्टांचे, वडील रामेश्वर भट्ट सोळाव्या शतकात गोदाकाठ सोडून काशीला गेले होते. तिसरा ‘धर्मसिंधु’, 1790 च्या सुमाराचा. तो लिहिला पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी, ज्यांना लोक बाबा पाध्ये म्हणत. मूळ घर कोकणातले, आयुष्य विठोबाच्या पायाशी. हेमाद्रीने सामग्री गोळा केली, कमलाकराने मतांची छाननी केली आणि बाबा पाध्यांनी वाद बाजूला ठेवून ‘असे असेल तर असे करा’ इतक्या सरळपणे निष्कर्ष लिहिले. माझ्या मते या तिघांत शेवटच्याचे उपकार सर्वांत मोठे. गावोगावच्या सामान्य भिक्षुकाच्या हाती निर्णय देणारा हा ग्रंथ आहे आणि आजही महाराष्ट्रातली पंचांगे अडल्या वेळी त्याच्याकडे वळतात. देवगिरी, पैठण, पंढरपूर: नकाशावर हे तीन बिंदू जोडले तर अंकुशनगर त्या टापूच्या अगदी जवळ येते.

पुढे गणिताची बाजू सुधारली. जुन्या पंचांगांतली गणिते आकाशाशी जुळेनाशी झाली होती; ग्रहणाची वेळ चुके. केरो लक्ष्मण छत्रे, शंकर बाळकृष्ण दीक्षित, व्यंकटेश बापूजी केतकर, लोकमान्य टिळक यांनी दृक्प्रत्यय, म्हणजे डोळ्यांना दिसते ते पंचांगात आले पाहिजे, हा आग्रह धरला. सोलापूरचे दाते पंचांग आणि 1973 पासूनचे जयंतराव साळगावकरांचे कालनिर्णय यांनी ते घरोघरी नेले.

एकादशीचेही थोडे सांगायला हवे, कारण वारकऱ्यांच्या या प्रदेशात सर्वांत जास्त पाळली जाते ती तीच. कॅलेंडरवर कधी कधी ‘स्मार्त एकादशी’ आणि दुसऱ्या दिवशी ‘भागवत एकादशी’ असे दिसते. स्मार्त पक्ष सूर्योदयाला दशमी आहे का एवढेच पाहतो. भागवत पक्ष जास्त काटेकोर: सूर्योदयाच्या आधीच्या चार घटका, म्हणजे 96 मिनिटांचा अरुणोदय, त्यातही दशमीचा स्पर्श नको. झाला तर ती एकादशी ‘विद्धा’ आणि उपास दुसऱ्या दिवशी. दुसऱ्या दिवशी एकादशी तासाभराने संपून द्वादशी लागली तरी चालेल, पण दशमीचा डाग नको.

तिथींच्या गुणदोषांचेही एक शास्त्र आहे. नंदा, भद्रा, जया, रिक्ता, पूर्णा असे पाच गट क्रमाने फिरतात. चतुर्थी, नवमी आणि चतुर्दशी या रिक्ता, म्हणजे रित्या तिथी; लग्न, वास्तुशांत, नव्या कामाचा आरंभ यांना वर्ज्य. आता याच तीन तिथी कोणाच्या आहेत ते पाहा. चतुर्थी गणपतीची, नवमी रामाची आणि देवीची, चतुर्दशी शंकराची. संसाराने ज्या तिथी बाजूला सारल्या त्या भक्तीने उचलल्या आणि वर्षातल्या सर्वांत मोठ्या केल्या. याचे शास्त्रीय कारण देता येणार नाही, पण मला ही गोष्ट फार अर्थपूर्ण वाटते. मुहूर्ताचे गणित आणि उपासनेचे गणित एक नाही, हे आपल्या पूर्वजांना पक्के ठाऊक होते. ‘आज रिक्ता आहे’ म्हणून रामनवमीला हात आखडणारा मनुष्य अजून कोणी पाहिला नसेल.

अमावास्येचेही असेच. तिला अशुभ मानून घाबरणारे पुष्कळ. पण शेतकऱ्याचा सर्वांत आनंदाचा सण, बैलांच्या शिंगांना रंग आणि अंगावर झूल घालण्याचा पोळा, मराठवाड्यात श्रावणातल्या अमावास्येलाच असतो. लक्ष्मी घरी येते तीही अमावास्येलाच. लातूर-धाराशिवकडे वेळ अमावास्येला अख्खी गावे शेतात जेवायला जातात.

आणि माणसे? मराठी मुलखाने आपल्या संतांना तारखेने लक्षात ठेवलेले नाही. तुकोबांची बीज, नाथांची षष्ठी, समर्थांची दासनवमी: फाल्गुन वद्य द्वितीया, फाल्गुन वद्य षष्ठी, माघ वद्य नवमी. पैठण इथून जवळ. जायकवाडीच्या ज्या जलाशयाच्या डाव्या कालव्याचे पाणी या भागातल्या उसाला मिळते त्याचे नावच नाथसागर. नाथषष्ठीला तिथे दिंड्या लोटतात. एकनाथांनी शके 1521 मध्ये त्या तिथीला गोदावरीत देह ठेवला. परंपरा त्या एका षष्ठीवर पाच प्रसंग सांगते: गुरू जनार्दनस्वामींचा जन्म, त्यांना झालेला दत्तात्रेयांचा अनुग्रह, नाथांची आणि त्यांची भेट, जनार्दनस्वामींचे निर्वाण आणि नाथांचे निर्वाण. गुरुशिष्यांचे अवघे चरित्र एका तिथीत मावले आहे. 

घराघरांतल्या माणसांनाही हाच न्याय. भाद्रपदाच्या वद्य पक्षात ज्याची जी तिथी त्या दिवशी त्याचे पान वाढायचे. सवाष्ण गेलेल्या बाईचे अविधवा नवमीला. तिथी माहीत नसेल, किंवा कोणी करणारे उरले नसेल, तर सर्वपित्री अमावास्या सगळ्यांना सामावून घेते. ही शेवटची सोय ज्याने कोणी केली त्याच्या मनाचा मोठेपणा ग्रंथांच्या पलीकडचा आहे.

चांद्र वर्ष सुमारे 354 दिवसांचे, सौर वर्षापेक्षा 11 दिवसांनी तोकडे. ते तसेच सोडले तर पोळा उन्हाळ्यात येईल. म्हणून सरासरी साडेबत्तीस महिन्यांनी एक अधिक महिना घालतात; ज्या चांद्र महिन्यात सूर्याचे राश्यंतर होत नाही तो अधिक. 2026 मध्ये 17 मे ते 15 जून हा अधिक ज्येष्ठ. मराठवाड्यात याला धोंड्याचा महिना म्हणतात आणि जावयाला वाण देतात. वटपौर्णिमा मात्र अधिकात करत नाहीत, ती पुढच्या निज ज्येष्ठात. मकरसंक्रांत या सगळ्या धावपळीतून सुटलेली, कारण ती चंद्राची नाहीच. सूर्याची आहे, म्हणून जानेवारीच्या 14-15 तारखेला ठाण मांडून बसते.

शेवटी एक कामाची गोष्ट. घरातले कोणी गेले की मृत्यूच्या दाखल्यावर तारीख येते, आणि वर्षश्राद्धाची वेळ आली की कॅलेंडरच्या त्या चौकोनात छापलेली तिथी उतरवून घेतली जाते. तिथेच गफलत होते. चौकोनातली तिथी सूर्योदयाची असते. वडील संध्याकाळी गेले आणि तिथी दुपारीच बदलली असेल, तर त्यांची तिथी पुढची. श्राद्धही ती तिथी अपराह्णात, म्हणजे साधारण दीड ते पावणेचारच्या दरम्यान, सापडेल त्या दिवशी. म्हणून तारखेशेजारी वेळही लिहून ठेवा, आणि पंचांगात त्या दिवशीची तिथी किती वाजता संपते ते पाहून मगच तिथी नक्की करा. घरातल्या जुन्या माणसांना विचारून मागच्या दोन पिढ्यांच्या तिथी एका वहीत उतरवा. हे काम लांबणीवर टाकू नका. सांगणारी माणसे आहेत तोवरच ते होते.